बारीक चिमट्यांवर डाग का पडतात?

प्रश्न : ताई, मी रामबागेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. मोतीबिंदूच्या चिमट्यांवर तपकिरी डाग पडतात, टोकंही वाकतात. आम्ही ते ब्लीचच्या पाण्यात ठेवून मग उकळतो. काय चुकतं?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, ब्लीचच चुकतं! त्यातलं क्लोरीन स्टेनलेस स्टीललाही खातं. आणि उकळून जंतू मरतात, त्यांचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्यांचं रूप, मात्र तग धरतात. डोळ्याच्या ऑपरेशनला ते चालायचं नाही.

मी ३१ वर्षं ऑपरेशन थिएटरात काढली. केस संपली की रक्त वाळायच्या आत मऊ ब्रशने हत्यारं धुवायची, हा आमचा नेम. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. आपलं नर्मदेचं पाणी प्यायला गोड, पण नळाच्या पाण्यातले क्षार वाळले की डाग उमटतो. पोकळ कॅन्युल्यातून, म्हणजे डोळ्यात द्रव सोडायच्या बारीक नळीतून, सिरिंजने भरपूर पाणी सोड. आत साबण राहिला, तर जंतू नसतानाही एक-दोन दिवसांत डोळा सुजतो. असा पेशंट मी पाहिलाय, विसरलेली नाही.

मग सगळं नीट कोरडं करून, गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात : साध्या यंत्रात १२१ अंशांवर ३० मिनिटं. पाकिटात इंडिकेटरची पट्टी हवीच; वाफ आत पोहोचली की तिचा रंग बदलतो.

टोकांचं म्हणशील, तर सिलिकॉनची चटई असलेला ट्रे घे. जड कात्र्यांबरोबर एकाच किडनी ट्रेमध्ये चिमटे टाकणाऱ्या नव्या मुलींना मी फार बोलायचे. वाकलेलं टोक घरी पक्कडीने सरळ करू नकोस हं, कारागिराकडेच दे.