पणजी खरंच ‘इंडियन’ होती का?

प्रश्न : माझी मुलगी सिडनीत असते, जावई तिथलाच. घरात असं सांगतात, की त्याची पणजी १८९५ च्या सुमारास भारतात जन्मली आणि लहानपणी न्यू साउथ वेल्समध्ये आली. रंगाबद्दल कुणी विचारलं, की ‘आम्ही इंडियन’ म्हणून विषय संपवायची. आता तिचं गाव शोधायचं काम माझ्याकडे आलंय. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, ठाणे

उत्तर : भारतातून तर नकोच. त्या काळी तिकडे गेलेले भारतीय जवळजवळ सगळे पुरुष : फेरीवाले, उंटवाले, मजूर. पणजोबा ‘इंडियन’ असते तर चटकन पटलं असतं. अनेक अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) घरांनी हे उत्तर पाठ करून ठेवलं होतं. कुणी इंडियन सांगे, कुणी स्पॅनिश, कुणी माओरी. मूळ भीतीत होतं. १९१५ पासून तिथल्या अ‍ॅबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्डाला कोर्टात न जाता या घरांतलं मूल उचलून नेता येई. पुढे नाव बदलून हे मंडळ १९६९ पर्यंत चाललं.

आधी पणजीच्या मृत्यूचा दाखला मागवा. राज्याच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत ३० वर्षांपूर्वीचे मृत्यू, ५० वर्षांपूर्वीची लग्नं आणि १०० वर्षांपूर्वीचे जन्म शोधता येतात. पैसे पडले तरी पूर्ण दाखलाच घ्या, कारण खरी माहिती त्याच्या रकान्यांत असते. जन्मस्थळापाशी ‘ऑस्ट्रेलियात किती वर्षं’ असंही नोंदवलेलं असतं. जन्म ‘इंडिया’ आणि मुक्काम ‘जन्मापासून’ असं निघालं, तर बनाव तिथेच उघडा पडतो. माहिती कुणी दिली तेही वाचा. सुनेनं सांगितलेलं जन्मगाव ऐकीवच.

मग लग्नाचा दाखला, मग प्रत्येक मुलाच्या जन्माचा. एकावर थांबणं ही नेहमीची चूक. माहेरचं आडनाव दर कागदावर वेगळं, वडिलांचा रकाना कोरा, जन्मगाव मात्र तेच, असं दिसलं की नाव सोडा आणि गाव धरा. तिथे जवळपास मूळ रहिवाशांना ठेवण्याची बोर्डाची वसाहत होती का, ते पाहा. ‘अ‍ॅबोरिजिनल’ हा शब्द कुठेच नाही म्हणून निकाल लावू नका; वंश बऱ्याचदा लिहीतच नसत, आणि कित्येक जन्म तर नोंदलेच गेले नाहीत.

गाव ठरल्यावर ‘ट्रोव्ह’ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट चाळता येतात, आणि मूळ रहिवाशांचा अभ्यास करणाऱ्या कॅनबेराच्या ‘आयात्सिस’ (AIATSIS) संस्थेत नावांची सूची आहे. बोर्डाची दप्तरं सरसकट खुली नाहीत. अर्ज जावयानंच, वंशज म्हणून करायचा. वरचे दाखले तेव्हा कामी येतील.

भारताचा धागा असलाच, तर बहुधा एखाद्या पुरुषाचा. १९०१ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यानंतर बाहेर जाऊन परतणाऱ्यांना, गोरे नसलेल्यांना अडवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या श्रुतलेखनाच्या परीक्षेतून सूट देणारं पत्र मिळे : त्यावर फोटो आणि तळहाताचा शाईचा ठसा. अशी पत्रं नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत.

प्रश्न : त्यापेक्षा डीएनए चाचणी करून मोकळं होऊ नये का?

उत्तर : नाही होता येणार. पणजीचा वाटा सरासरी साडेबारा टक्के; तिचे वडील गोरे असले तर अ‍ॅबोरिजिनल अंश सहाच्या आसपास. कंपन्यांकडे तुलनेला अ‍ॅबोरिजिनल नमुने थोडे, त्यामुळे टक्केवारीवर भिस्त ठेवू नका. चुलत-मावस नातलग जुळले तर तेवढा उपयोग. ओळख सिद्ध करायला तिथे तीन गोष्टी लागतात : वंश, स्वतः तसं मानणं आणि त्या समाजानं स्वीकारणं. तिसरी कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यासाठी जावयाला पणजीच्या गावी जाऊन तिथल्या वडीलधाऱ्यांना भेटावं लागेल.