ठासणीच्या बंदुकीची दारू : माप की वजन?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो आणि तेथे ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी करतो. तो पायरोडेक्स नावाची दारू पितळी मापाने मोजतो. मापाच्या १०० ग्रेनच्या खुणेपर्यंत भरलेली दारू त्याने तराजूवर घातली, तेव्हा ती जेमतेम ७० ग्रेन भरली. मग माप खोटे की तराजू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही खरी आहेत, घोटाळा ‘ग्रेन’ या शब्दाचा आहे. ग्रेन हे मुळात वजन : ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅमचा. परंतु सोरा, कोळसा आणि गंधक यांची जुनी काळी दारू शिकारी मंडळी शिंगातून मापात ओतूनच बंदुकीत भरत असल्यामुळे, ज्या मापात ती सुमारे १०० ग्रेन मावते, त्या मापालाच १०० ग्रेनचे माप म्हणण्याची रीत पडली. आपल्याकडे मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा असे, तशातलाच हा प्रकार. शेराच्या मापात तांदळाऐवजी चुरमुरे भरले तर वजनात ते शेरभर कसे भरतील?

पायरोडेक्स ही १९७०च्या दशकात बाजारात आलेली पर्यायी दारू वजनाला हलकी असली, तरी त्याच मापाने भरल्यास काळ्या दारूइतकेच काम देईल अशा बेताने केलेली आहे. म्हणून ती मापानेच घ्यावी. चिरंजीवांनी तराजूवर १०० ग्रेन पुरे करण्याचा हट्ट धरला, तर ती मापात १४०च्या घरात जाईल आणि बार नको तितका भारी होईल. बिनधुराच्या आधुनिक दारूला तर यांतला कोणताच हिशेब लागू नाही. ती अशा बंदुकीत मापाने वा वजनाने, कशीही भरू नये, कारण तिच्या दाबाने नळी फुटू शकते.

अस्सल काळी दारू मात्र वजन करून घेण्यास हरकत नाही, आणि स्पर्धेतील काही नेमबाज तशी ती घेतातही. मापाने घेताना ते दर वेळी सारख्याच पद्धतीने भरावे, कारण ठोकून भरलेल्या मापात दारू अधिक बसते. मापाचा आणखी एक उपयोग आहे : आधीच्या बाराची ठिणगी नळीत राहिलीच असेल, तर मापातली तेवढीच दारू पेटते, हातातला अख्खा डबा नव्हे.