हाक ऐकू येत नाही म्हणणाऱ्या ताईंना

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही लिहिलंय, रोज पहाटे प्रार्थनेला बसते, रविवारची उपासना चुकवत नाही, तरी मंडळीत कुणी ‘देव माझ्याशी बोलला’ अशी साक्ष दिली की आपणच तेवढे बाहेर राहिलो असं वाटतं. पुढे जाता जाता एक वाक्य आहे: प्रार्थनेत मन भरकटतं, सारखी परदेशीपुऱ्यातली मावशी आठवते, जिच्याशी दोन वर्षं बोलणं नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं.

मीही इंदूरचाच. आमच्याकडे उपासना हिंदीत आणि घरचा शास्त्रपाठ मराठीत, त्यामुळे शमुवेलाची गोष्ट दोन्ही भाषांत शेकडो वेळा ऐकलेली. बायबलमधला १ शमुवेल, अध्याय ३. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. माझं लक्ष बऱ्याच वर्षांनी त्याच्या आधीच्या भागाकडे गेलं. देवाने हाक मारली ती मंदिरात सेवा करणाऱ्या पोरसवदा शमुवेलाला त्याच्या म्हाताऱ्या याजकाची, एलीचीच वाटली, म्हणजे ओळखीच्या, रोजच्या आवाजासारखी. तो तीनदा अंथरुणातून उठला आणि नजर मंदावलेल्या म्हाताऱ्याकडे धावत गेला. हाक देवाची आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. उठायची सवय मात्र होती. एवढ्या रात्री म्हाताऱ्याला काय हवं असेल, म्हणून कूस बदलून झोपला असता तर? मला वाटतं, कान तयार होतो तो या उठण्यानेच.

हे मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी सलग तीन दिवस एका जुन्या सहकाऱ्याचं नाव मनात येत होतं. दाढी करताना, छावणीत भाजी घेताना. फोन करू, करू म्हणत राहिलो. चौथ्या दिवशी केला तेव्हा कळलं की त्याची बायको चार दिवसांपासून दवाखान्यात आहे. गेलो. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता, शेजारी डबा तसाच बंद. मी झाकण उघडून डबा त्याच्या हातात दिला. गार पोळ्या आणि बटाट्याची भाजी. दोन पोळ्या त्याने खाल्ल्या, एक शब्द न बोलता. त्या तीन दिवसांची मला अजून खंत वाटते.

मनात येणारं सगळं देवाचंच, असं मात्र धरू नका. योहानाच्या पहिल्या पत्रात आत्म्यांची परीक्षा करायला सांगितलंय, ते उगाच नाही. जी प्रेरणा घाई करते, घाबरवते, घरच्यांपासून लपवायला लावते, ती थांबवून ठेवावी. वचनाशी ताडून पाहावी, पाळकांशी किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या माणसाशी बोलावं. मोठ्या निर्णयांना वेळ लागतोच. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला १८९३ मध्ये, बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधली दोन वर्षं वाचण्यात आणि झगडण्यात गेली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर १९०० पर्यंत वेळ घेतला.

आणखी एक, तुमच्या लिहिण्यातून दमणूक दिसते म्हणून सांगतो. एलीया संदेष्ट्याला होरेब डोंगरावर देवाची ती शांत, मंद वाणी ऐकू आली. पण त्याआधी झुडपाखाली मरण मागत पडलेल्या त्या माणसाला देवदूताने दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं होतं. मध्ये तो झोपलाही. पहाटे चारला उठून पेंगत बसण्यापेक्षा पुरती झोप घ्या आणि मोबाईल हातात घेण्याआधी दहा मिनिटं एकच उतारा सावकाश वाचा. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवस उलटा आठवा: आज कुणाची आठवण झाली, कुठे टाळलं? मी हे वहीत लिहितो. महिन्याभरात तीच दोन-तीन नावं परत परत येताना दिसतात.

आता मावशी. तुम्ही त्याला मन भरकटणं म्हणता. मला तसं वाटत नाही. प्रार्थनेच्या वेळीच ती आठवते, आणि समेट करायला तर वचनात स्पष्टच सांगितलंय; वेगळी परीक्षा कसली करायची? या रविवारी उपासना सुटली की तिकडेच जा. जुना विषय काढू नका, चहा घ्या, गुडघे कसे आहेत विचारा. दार उघडलं नाही तर पुढच्या रविवारी परत जा. शमुवेलसुद्धा एलीकडे एकदाच गेला नव्हता.

जाऊन आलात की दोन ओळी लिहा. तोवर माझ्या वहीत तुम्हा दोघींची नावं आहेत.