बारीक ग्रेनचा धातू एरवी मजबूत, मग तापवल्यावर तोच इतका कसा ताणला जातो?

तुम्ही विचारलंय की ग्रेन (धातू ज्या छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो ते) बारीक तितका धातू मजबूत असं शिकवतात, मग तोच धातू तापवून ओढला की कित्येक पट लांब कसा होतो. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीच्या मुळाशी ग्रेन बाउंडरीच, म्हणजे दोन ग्रेनमधली सीमाच आहे.

नेहमीच्या तापमानाला धातू वाकतो तो ग्रेनच्या आत डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले दोष) सरकल्यामुळे. बाउंडरी त्यांना अडवते, म्हणून ग्रेन बारीक केले की मजबुती वाढते (हॉल-पेचचा नियम). पण तापमान वितळणबिंदूच्या निम्म्यावर गेलं, केल्विनमध्ये मोजून, की बाउंडरीजवळचे अणू हलते होतात आणि अख्खे ग्रेन एकमेकांवरून घसरू लागतात. ज्वारीचं पोतं आडवं टाकलं की पोत्याचा आकार बदलतो, दाण्याचा बदलत नाही. अगदी तसंच.

शिकत असताना मी जस्त आणि 22 टक्के ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पट्टी 250 अंश सेल्सिअसला ताणली होती. पट्टी पाचपटीहून लांब झाली, पण मायक्रोस्कोपखाली ग्रेन तसेच गोल! तो दिवस मी विसरलेलो नाही.

पोत्यात दाण्यांमध्ये फटी चालतात, धातूत चालत नाहीत. तिथे अणू डिफ्युजनने, म्हणजे घन धातूतूनच हळूहळू सरकत, पोचून फट भरतात, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून ओढायचं सावकाश, साधारण सेकंदाला मूळ लांबीचा हजारावा भाग. लांबी दुप्पट व्हायला 17 मिनिटं. घाई केली की फटी तशाच राहतात आणि तुकडा तिथूनच तुटतो. ग्रेनही 10 मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा) लहान हवेत आणि उष्णतेत लहानच राहायला हवेत. शुद्ध धातूत ते भराभर वाढतात. जस्त-ॲल्युमिनियममध्ये दोन फेज (वेगळ्या घडणीचे, एकमेकांत मिसळलेले दोन प्रकारचे ग्रेन) एकमेकांना वाढू देत नाहीत.

आणखी एक: पट्टी एका जागी बारीक होऊ लागली की तिथला ताणण्याचा वेग वाढतो. या धातूंत वेग चौपट झाला की ओढायला लागणारा ताण (दर क्षेत्रफळामागचा जोर) जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे ती जागा आणखी ताणायला नकार देते आणि बाकीची पट्टी ताणली जाते.

‘तापलेला’ हा शब्द मात्र जपून वापरा. 1934 साली पीअरसन या संशोधकाने बिस्मथ-कथिलाचा मिश्रधातू मूळ लांबीच्या वीसपट ताणला, तोही खोलीच्या तापमानाला. तो 139 अंश सेल्सिअसलाच वितळतो, त्यामुळे त्याच्या दृष्टीने खोली चांगलीच तापलेली होती.