आई-वडील दोघंच पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहतात. बाथरूममध्ये आधाराचे दांडे कसे बसवावेत?

आधी भिंत कसली आहे ते बघा. कोथरूड, सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतींत बहुधा विटा मिळतील. बाणेर-वाकडकडच्या नव्या इमारतींत बऱ्याचदा हलके, सच्छिद्र सिमेंटचे एएसी ब्लॉक असतात. टाइल ठोकून कळत नाही, ड्रिलमधून पडणारी भुकटी बघा: लाल म्हणजे वीट, राखाडी-पांढरी आणि मऊ म्हणजे ब्लॉक. ब्लॉकमध्ये साधा प्लास्टिकचा गट्टू (भोकात बसवून ज्यात स्क्रू पिळतात तो) झटक्याने उपटून येतो. तिथे केमिकल अँकर हवा, म्हणजे भोकात घट्ट होणारं रसायन भरून पक्का केलेला बोल्ट.

विटेतही गट्टू टाइल-प्लास्टर ओलांडून विटेत बसला पाहिजे. या दोन्ही थरांतच ३०-३५ मिमी जातात, म्हणून स्क्रू किमान ७५ मिमीचा घ्या. दांडा आणि स्क्रू दोन्ही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. दांड्याची जाडी ३२ ते ३८ मिमी, भिंतीपासून अंतर साधारण ४० मिमी. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर (ठोके मारणारा मोड) बंद, नाहीतर तडा जाणारच.

उंची ठरवायला आईंना कमोडवर बसवा आणि उठताना हात नेमका कुठे जातो तिथे पेन्सिलने खूण करा. प्लंबर स्वतःच्या उंचीने लावून मोकळा होतो! दांडा बसला की आधी तुम्ही त्यावर पूर्ण भार टाकून बघा.

व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे नकोतच. हवा शिरली की सुटतात. टॉवेलची दांडीही आधारासाठी नसते, पण तोल गेल्यावर हात तिकडेच जातो. ती काढून टाका.

दाराची कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवा.