लाकडी खोक्यावरील शिक्का कशासाठी?

प्रश्न : परदेशातून आलेल्या यंत्राच्या लाकडी खोक्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि ‘एचटी’ ही अक्षरे होती. आत ना फळे, ना बियाणे. मग ही दक्षता कशासाठी?

उत्तर : धोका मालात नसून खोक्याच्या लाकडातच असतो. कच्च्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या व सूत्रकृमी दडून राहतात आणि जिथे त्यांचे नैसर्गिक शत्रू नाहीत अशा प्रदेशात त्या पोहोचल्या, तर उभी झाडे वाळू लागतात. आशियाई लांबशिंगी भुंगेरा उत्तर अमेरिकेत शिरला तो अशाच खोक्यांतून. म्हणून १९५१च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ साली १५ क्रमांकाचे मानक स्वीकारण्यात आले. त्यानुसार लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते. ‘एचटी’ ही या उष्णता प्रक्रियेची खूण. शिक्क्यावरून देश आणि प्रक्रिया करणारा कारखानाही ओळखता येतो.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५पासून लागू असलेल्या करारानेही ही मानके आधारभूत मानली आहेत, त्यामुळे त्यांहून कडक अट घालणाऱ्या देशाला शास्त्रीय कारण द्यावे लागते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण तिच्याअभावी किडीचे निमित्त करून कोणाचाही माल अडवणे सोपे झाले असते. शिक्का नसलेले खोके मात्र बंदरावरूनच परत पाठवले किंवा नष्ट केले जाऊ शकते.