ते आजोबा तुझ्या पाया का पडले

प्रिय चिऊ,

पुण्यात आजीबरोबर पालखी बघायला गेलीस तेव्हा गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक आजोबा तुझ्या पाया पडले, 'माऊली' म्हणाले आणि पुढे गेले. लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, मग हे उलटं कसं, असं तू काल फोनवर विचारलंस. घाईत काहीतरी सांगून टाकावंसं वाटेना, म्हणून लिहिते आहे.

घरात आपण वयाला आणि नात्याला नमस्कार करतो. वारकरी वाकतो तो समोरच्या माणसातल्या विठ्ठलापुढे, आणि तो विठ्ठल आजोबांमध्ये जास्त नि तुझ्यात कमी नसतो. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला गीता मराठीत समजावून सांगितली. त्या ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात आहे, 'जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत'. जो जो जीव भेटेल त्याला देव मान, हीच माझी भक्ती, असं श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात.

पण मानायचं ठरवलं की लगेच तसं दिसायला लागतं, असं नाही. नामदेवांची गोष्ट त्यासाठीच मला फार आवडते. नामदेव म्हणजे विठ्ठलाचे इतके लाडके की देव त्यांच्याशी बोलायचा. तरी एकदा सगळे संत जमले असताना मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी थापायचं थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र चिडले. गोरोबा म्हणाले, हे मडकं अजून कच्चं आहे. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले, तर तोही म्हणाला, विसोबा खेचरांकडे जा.

औंढा नागनाथाच्या देवळात पाहतात तर विसोबा चक्क पिंडीवर पाय ठेवून पडलेले! नामदेव रागावले. विसोबा शांतपणे म्हणाले, मी म्हातारा झालोय, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड उभी. त्यांचं देवावर प्रेम होतंच गं, पण देव त्यांना पंढरपुरातच दिसत होता. पुढे एका कुत्र्यानं त्यांची पोळी पळवली, तेव्हा कोरडी कशी खाशील म्हणत ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असं सांगतात. दृष्टी बदलली ती अशी.

आता एक अवघड गोष्ट, पण तुला ती माहीत असायला हवी. हे सगळं गाणाऱ्या आपल्याच समाजानं चोखोबांना मात्र, ते महार जातीत जन्मले म्हणून, विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवू दिलं नाही. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, वरच्या रंगाला काय भुलतोस, असं चोखोबांनी अभंगात विचारलं. ते कानांवर पडत राहिलं आणि दार बंदच राहिलं, थेट १९४७ पर्यंत. त्या वर्षी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठे ते मंदिर दलितांसाठी उघडलं. म्हणून कुणी 'सगळ्यांत देव आहे' म्हणालं की तो माणूस आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींशी कसा बोलतो, हे मी आधी बघते. तूही बघ, माझ्याकडेसुद्धा.

तुझा दुसरा प्रश्न, अशा वेळी आपण काय करायचं? लाजून मागे सरकू नकोस आणि 'नको नको' म्हणून त्यांचे हात धरू नकोस. आपणही वाकायचं, त्यांच्या पायांना हात लावायचा आणि 'माऊली' म्हणायचं. वारीत सगळे तसंच करतात. आजीला विचार, ती करून दाखवेल.

तुझी,
आई